लिटरभर पेट्रोलची टाकी

अल्कोहोलवर धावणाऱ्या गाडीला सगळ्यात जास्त छळतं ते पेट्रोल. ब्राझीलमधल्या पिरासिकाबा शहरातल्या एका गॅरेजमध्ये हे कळलं आणि तिथून पाय निघेना. खरं तर संपादकांनी पाठवलं होतं ते ऊस आणि इथेनॉल यांच्या अर्थकारणावर लिहायला. साओ पावलो राज्यातलं हे शहर म्हणजे उसाचाच मुलूख. भोवती उसाचे फड, गावात नावाजलेलं कृषी महाविद्यालय आणि साखर कारखान्यांची यंत्रं घडवणारे उद्योग. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला इथे परकं वाटू नये. कारखाने पाहून झाले, आकडे टिपून झाले; पण मनात ठाण मांडून बसली ती १९८४ ची एक फोक्सवॅगन गोल जीटी आणि तिची निगा राखणारे वयस्क मिस्त्री.

सरकारी इतिहास थोडक्यात असा. १९७३ च्या तेलसंकटाने ब्राझीलचं कंबरडं मोडलं. नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकारने पेट्रोलऐवजी अल्कोहोल वापरण्याची ‘प्रोअल्कोल’ ही योजना जाहीर केली. साओ जोझे दोस कांपोस इथल्या विमानतंत्र संशोधन केंद्रात उर्बानो एर्नेस्तो श्टुम्फ या अभियंत्यांनी अल्कोहोलच्या इंजिनावर काम केलं. १९७९ मध्ये फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलच्या होत्या. १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. टाक्या रिकाम्या राहिलेल्या लोकांनी या गाड्यांकडे पाठ फिरवली. दोन्ही इंधनं चालणारी ‘फ्लेक्स’ गोल २००३ मध्ये आली, तेव्हा कुठे इथेनॉलवरचा विश्वास परतला.

गोल जीटी ही त्या पहिल्या लाटेतली वेगवान गाडी. १.८ लिटरचं इंजिन, ९९ अश्वशक्ती. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वरचा. शिवाय बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड आणि दाट होते. म्हणून या इंजिनांत मिश्रण सुमारे बारापट दाबता येतं, तरी नॉकिंग होत नाही. एका लिटरमधली ऊर्जा मात्र पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. त्यामुळे कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे इंधन सोडणारी भोकं, मोठे आणि तहानही मोठी.

या गाडीचे मालक साओ पावलो शहरात राहतात आणि वर्षातून मोजक्याच वेळा इकडे येतात. एरवी गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी असते. मिस्त्रींच्या मते उभी राहणं हाच तिचा मुख्य आजार.

बॉनेट उघडल्यावर एका कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी टाकी दिसते, जेमतेम लिटरभर मावेल अशी. तिथले लोक तिला ‘तांकिन्यो’ म्हणतात. तिच्यात पेट्रोल असतं. पारा साधारण १५ अंशांच्या खाली गेला की इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही, ठिणगी पडूनही इंजिन पेटत नाही. जून-जुलैत इथली पहाट तेवढी गार असतेच. अशा वेळी डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. छोटा विजेचा पंप चिमूटभर पेट्रोल थेट इंजिनाच्या तोंडाशी सोडतो, इंजिन त्यावर जागं होतं आणि मग अल्कोहोल कामाला लागतं.

अडचण अशी की इथेनॉल बंद टाकीत बरेच दिवस टिकतं. त्यात डिंक धरत नाही. पेट्रोल मात्र काही महिन्यांत शिळं होतं. या छोट्या टाकीतलं पेट्रोल तर उन्हाळाभर लागतच नाही. ते आटतं, तपकिरी होतं, बारीक नळीत आणि तोटीत चिकट थर धरतं. थंडीची पहिली पहाट उजाडते तेव्हा पंप घरघरतो, पण पेट्रोल पुढे सरकत नाही. इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिकला तडा गेला तर तापलेल्या भागांवर पेट्रोल ठिबकतं, आणि अशा गळतीतून गाड्या पेटतात. म्हणून ही टाकी लागली-न-लागली तरी मिस्त्री ठरल्या वेळी रिकामी करतात, नवं पेट्रोल भरतात आणि भर उन्हाळ्यातही बटण दाबून पंप फिरवून घेतात. नळीला बोटाने दाबून ती कडक झाली का, हे ते गाडीजवळून जाता जाता पाहतात. ती तपासणी आता त्यांच्या हातातच मुरली आहे.

दुसरं लक्ष कार्ब्युरेटरवर. तिथल्या पंपावरच्या इथेनॉलमध्ये सुमारे पाच टक्के पाणी मुळातच असतं. ते वेगळं होऊन तळाशी बसत नाही, पण धातूंना खातं. म्हणून कारखान्यातच जस्ताच्या कार्ब्युरेटरला निकेलचा मुलामा आणि इंधनाच्या टाकीला आतून कथिलाचा थर, म्हणजे आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना असते तशी कल्हई, दिलेली असते. गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं अल्कोहोल उडून जातं आणि मागे पांढरी पूड उरते. ती जेटमध्ये अडकते. घाईतला कारागीर तार घालून भोक मोकळं करतो. आमचे मिस्त्री तार घालत नाहीत. तारेने जेटचं माप बिघडतं, मुलामा खरवडला जातो, आणि उघडं पडलेलं जस्त पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोखरून निघतं. ते भाग भिजत घालतात, हवेच्या झोताने साफ करतात, उजेडासमोर धरून पाहतात. गाडी ठेवून देण्याआधी वाटी रिकामी करतात. हे सगळं इतक्या शांतपणे चालतं, की त्या हातांबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

मालकाच्या एका सवयीवर मात्र ते चिडतात. गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवायची आणि ‘फिरवली’ म्हणायचं, ही ती सवय. एवढ्या वेळात ऑइल तापत नाही. न जळलेलं अल्कोहोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, झाकणाखाली दुधाळ साय धरते. ते उडून जायला अर्धा तास रस्त्यावर, ऑइल नीट तापेपर्यंत, गाडी चालवावीच लागते. ऑइलही किलोमीटर मोजून बदलून भागत नाही, महिने मोजावे लागतात.

आता काळजीच्या गोष्टी. २००९ मध्ये इंधन गरम करून इंजिन सुरू करणारी यंत्रणा असलेली पोलो बाजारात आली आणि नव्या गाड्यांतून छोटी टाकी हळूहळू गेली. सोय झाली, पण जुन्या गाड्यांना लागणारे पंप, तोट्या, नळ्या यांची मागणी आटली. कार्ब्युरेटरला पुन्हा मुलामा चढवून देणारे कारागीर शोधावे लागतात. ऑगस्ट २०२५ पासून ब्राझीलच्या साध्या पेट्रोलमध्येच ३० टक्के इथेनॉल आहे, म्हणजे थंडीतल्या त्या चिमूटभर पेट्रोलातही आता जवळजवळ तिसरा हिस्सा अल्कोहोलचा. आणि तार न घालणारी ही पिढी थकत चालली आहे. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली मुलं फ्लेक्स गाड्यांच्या संगणकावर तरबेज आहेत. फ्लोटची पातळी डोळ्यांनी जोखणं त्यांना शिकवायला वेळ कुणाकडे?

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. टीव्हीएसने २०१९ मध्ये इथेनॉलवरची अपाची आणली, तेव्हा विक्रीसाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ विकायला सुरुवात केली. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि त्याची खोड ब्राझीलच्या इंधनाहून वेगळी आहे. त्यात मर्यादेबाहेर पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासकट तळाशी बसतं. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर कितीतरी हौशी लोकांच्या जुन्या येझदी आणि आरएक्स १०० चार महिने पावसात उभ्या असतात. त्यांच्या रबरी नळ्या आणि टाक्या या इंधनासाठी बनलेल्याच नाहीत.

साखर कारखान्यांनी इथेनॉलच्या प्रकल्पांवर मोठा पैसा ओतला. त्यातला थोडा भाग तालुक्याच्या आयटीआयमध्ये या इंधनाची देखभाल शिकवण्यावर खर्च व्हावा, ही मागणी ऊस पिकवणाऱ्यांनीच लावून धरावी. तोवर ज्यांच्याकडे क्वचित निघणारी लाडकी गाडी आहे त्यांनी एवढं करावं: रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात, लांब मुक्कामाआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, आणि एरवी दर पंधरवड्याला ती अर्धा तास रस्त्यावर न्यावी. जागेवर सुरू करून बंद करण्यापेक्षा ती सुरूच न केलेली बरी.