कुरकुरीत कोंबडी आणि पांढरा रस्सा

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : पायातली चप्पल, तालमीतली माती आणि डोळ्यांत पाणी आणणारा तांबडा रस्सा. पहिल्या दोहोंबद्दल आपली तक्रार नाही. तिसरीबद्दल मात्र थोडी आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत कोणत्याही पदार्थात तिखटाची मूठ सढळ पडली की त्याच्या नावामागे ‘कोल्हापुरी’ हे विशेषण लागते. जणू तिखटापलीकडे या गावाला चवच ठाऊक नाही! पण याच गावात तांबड्याच्या वाटीशेजारी पांढऱ्याची वाटी येते, हे ही मंडळी सोयीस्कररीत्या विसरतात. प्रस्तुत लेखात कुरकुरीत तळलेली कोंबडी आणि तिच्या जोडीला पांढरा रस्सा घरी कसा करावा, आणि प्रत्येक कृतीमागचे कारण काय, हे सांगण्याचा विचार आहे.

विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही, असे एखाद्या प्राध्यापकांना वाटेल. परंतु बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या आपल्या ग्रंथात राजाच्या अन्नभोगाला मोठी जागा दिली असून त्यात मांस भाजण्या-तळण्याच्या कृतीही आल्या आहेत. राजाला जे वर्ज्य नव्हते ते विद्यार्थ्याला का असावे? शिवाय त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती. ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून पुढे सोळाव्या शतकात आली. त्यापूर्वी तिखटपणाचे काम मिरी आणि आले यांच्याकडे होते. त्या अर्थी आपला पांढरा रस्सा हा तांबड्याहून जुन्या वळणाचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तळलेल्या कोंबडीचे गोत्र मात्र जगभर पसरलेले आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी ही विद्या पोटापाण्यासाठी वापरली. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल येथे आगगाडी थांबली की त्या डोक्यावर थाळे घेऊन उतारूंना तळलेली कोंबडी विकत. आपल्याकडे दक्षिणेतले ‘चिकन ६५’ गाड्यागाड्यांवर पोहोचले. ते १९६५ साली मद्रासच्या बुहारी हॉटेलात प्रथम झाले, असे सांगतात. तेव्हा कोंबडी तळण्याचा मान कोणा एकाचा नाही. तिला आपल्या घरची चटणी लावली की ती आपली.

कोंबडी कोणती घ्यावी?

पहिला प्रश्न दुकानातच सोडवावा लागतो. जवारी कोंबडी की ब्रॉयलर? जुनी माणसे जवारीचे नाव काढतात आणि रश्श्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जवारी कोंबडी पाच-सहा महिने उकिरडे उकरत हिंडलेली असते. तिच्या स्नायूंना काम पडलेले असते, त्यांतील चिवट धागे पक्के झालेले असतात. हे धागे पाण्यात मंद आचेवर तास-दीड तास शिजले की विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा आणतात. तळणीत एवढा वेळ मिळत नाही. म्हणून तळलेली जवारी कोंबडी चावताना जबडा दुखतो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत तयार होते, तिचे मांस कोवळे असते आणि दहा मिनिटांत शिजते. तेव्हा तळायला ब्रॉयलर आणि रश्श्याला जवारी, ही वाटणी उत्तम. जवारी परवडत नसेल तर ब्रॉयलरचीच मान, पाठ आणि बरगड्या रश्श्याला काढून ठेवाव्यात.

दुकानातून आणलेले मांस नळाच्या धारेखाली धुण्याची आपल्याकडे रीत आहे. धुण्याने जंतू मरत नाहीत. उलट शिंतोडे उडून ते शेजारच्या कोशिंबिरीच्या काकडीवर जाऊन बसतात. धुवायचेच तर पातेल्यात, हलक्या हाताने धुवावे. विळी, सुरी आणि हात मात्र साबणाने धुवावेत. जंतू मरतात ते आचेने. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले की भीती उरत नाही.

मुरवण

तळण्यासाठी एक किलो मांसाचे हाडासकट बारा-चौदा तुकडे करून घ्यावेत. जाड तुकड्यांना हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात. एक वाटी दही, दोन चहाचे चमचे मीठ, दोन चमचे आले-लसणाचे वाटण, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे घरची चटणी एकत्र करून तुकड्यांना चोळावे व दोन ते चार तास ठेवावे. हा वेळ फ्रीजमध्ये जावा, ओट्यावर नव्हे.

इथे ‘चटणी’ म्हणजे आपली कांदा-लसणाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभर बरणीत राहणारी. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी झणक्यासाठी, हे प्रमाण घराघरांत वेगळे; त्यात आम्ही हात घालत नाही.

मुरवणीत खरे काम मीठ करते. मीठ मांसात शिरून तेथील प्रथिने थोडी सैल करते, त्यामुळे तळताना मांस आपले पाणी धरून ठेवते. दह्याचा आंबटपणा वरचा थर मऊ करतो. पण रात्रभर आंबट दह्यात ठेवले की तो थर पिठूळ होतो. जास्त मुरले म्हणजे जास्त चांगले, हा समज सोडून द्यावा.

कुरकुरीतपणाचे रहस्य

कुरकुरीत म्हणजे काय? वरच्या थरातले पाणी निघून गेलेले असणे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे नियम तिच्यातूनच निघतात.

एक वाटी तांदळाचे पीठ, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, चवीपुरते मीठ आणि चमचाभर मिरपूड परातीत कालवावी. मैदा का नको? मैद्याला चिकटपणा असतो. त्याचा थर निवल्यावर वातड होतो. तांदळाच्या पिठाला तो चिकटपणा नाही, म्हणून त्याचा थर ठिसूळ आणि कुरकुरीत राहतो. कोरड्या पिठात मुरवणीतले दोन-तीन चमचे शिंपडून बोटांनी चोळावे, म्हणजे पिठात रवाळ गोळ्या होतात. त्या तुकड्यांना चिकटल्या की वरची बाजू खडबडीत होते आणि खडबडीत बाजूच अधिक कुरकुरते. मुरलेले तुकडे निथळून, फेटलेल्या एका अंड्यात बुडवून, पिठात दाबून घोळवावेत व पंधरा मिनिटे तसेच ठेवावेत. पीठ ओल शोषून घट्ट बसते. कढईत सुटून जात नाही.

आपली चटणी मात्र या पिठात घालू नये. ती मुरवणीतच राहू द्यावी. चटणीतला कांदा, खोबरे, लसूण अगोदरच भाजलेले असतात. तेलाशी थेट गाठ पडली की ते क्षणात काळे पडून कडू होतात. कोल्हापुरात पहिल्यांदाच तळणी करणाऱ्याचा घास इथेच कडू होतो.

दोनदा तळावे

कढई अर्ध्याहून कमी भरेल एवढे रिफाइंड शेंगतेल घ्यावे. घाण्याचे तेल चवीला सरस खरे, पण ते लवकर धुरावते. तेल बेताचे तापवावे, सुमारे १६० अंश. घरात तापमापक नसतो, तेव्हा पिठाची चिमूट टाकून पाहावी. ती तळाशी जाऊन सावकाश वर आली तर आच बरोबर. एका घाण्याला चार-पाच तुकडेच सोडावेत. अधिक सोडले की तेल थंड होते आणि पीठ तेल पिते. आठ ते दहा मिनिटांनी तुकडे फिकट सोनेरी झाले की काढून चाळणीवर पसरावेत. कागदावर ढीग करू नये, वर झाकण तर मुळीच ठेवू नये. आतली वाफ वरच्या थराला भिजवते आणि केलेले सारे कष्ट वाया जातात.

तेलात बुडबुडे येतात ते तेलाचे नव्हेत, पाण्याच्या वाफेचे. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेल आत शिरत नाही. बुडबुडे विरळ झाले, तडतड बारीक झाली की तुकडा तयार होत आला. आज्जी कढईकडे न पाहता शेजारच्या खोलीतून ‘काढ आता’ म्हणते, ती याच आवाजावरून. तरीही एक जाड तुकडा हाडापाशी फोडून पाहावा. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपून हाडाजवळ कधी कधी लाली राहते, तिला भिऊ नये. मांस अपारदर्शक असून तंतू सुटे होत आहेत ना, ते पाहावे.

पहिल्या तळणीत कोंबडी शिजते; कुरकुरीत होते ती दुसऱ्या तळणीत. निदान दहा मिनिटे निवू द्यावी. तेवढ्यात आतले पाणी वरच्या थरात येते. मग तेल चांगले तापवावे, सुमारे १९० अंश. पिठाची चिमूट आता पडताक्षणी फसफसून वर येते. दोन मिनिटांत वर आलेले पाणी उडून जाते आणि रंग खुलतो. हा तपकिरी रंग आणि त्यासोबतचा खमंग वास यांचा उलगडा लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केला. प्रथिनांचे घटक आणि साखर यांची उष्णतेत होणारी ती प्रक्रिया आहे. साधारण १४० अंशांपुढे ती जोर धरते. उकळते पाणी शंभराच्या पुढे जात नाही, म्हणून उकडलेल्या कोंबडीला तो रंग नाही नि तो वासही नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचे एवढे ऋण पुरे.

तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर ताट झाकावे. उरलेले तेल गाळून एखाद्या वेळी फोडणीला वापरावे. काळे, चिकट झालेले तेल टाकून द्यावे. १ जुलै २०१८ पासून वारंवार तापवून बिघडलेल्या तेलावर देशात कायद्याची मर्यादाही आली आहे.

पांढरा रस्सा

मान-पाठीचे तुकडे किंवा अर्धा किलो जवारी मांस, सहा पेले पाणी, एक कांदा, आले, लसूण आणि थोडे मीठ घालून मंद आचेवर शिजवावे. हळद घालू नये, नाहीतर पांढऱ्याचा पिवळा होतो. हेच आपले आळणी पाणी. आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि अजून तिखट न खाणाऱ्या पोरांना घरोघरी पाजतात ते हेच.

एक मोठा चमचा खसखस, एक चमचा पांढरे तीळ आणि आठ-दहा काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाटावेत. अर्ध्या नारळाचे जाड दूध आणि नंतरचे पातळ दूध वेगवेगळे काढावे. दोन चमचे तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, तमालपत्र आणि दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या टाकाव्यात. त्यावर वाटण रंग न बदलू देता परतावे. मग गाळलेले आळणी, त्यानंतर पातळ दूध घालून दहा मिनिटे मंद उकळावे. जाड दूध अगदी शेवटी घालावे आणि एकसारखे ढवळून, उकळी फुटण्याआधी उतरावे. नारळाच्या दुधातले स्निग्ध कण प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. खळखळून उकळले की प्रथिने गोठतात, आधार सुटतो आणि रस्सा फाटतो.

तळलेल्या कोंबडीला ही जोड का? मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. जीभ भाजली असता तांब्याभर पाण्याने जे होत नाही, ते नारळाच्या दुधाच्या दोन घोटांनी होते. शिवाय कुरकुरीत, कोरड्या घासानंतर ऊन, मऊ रस्सा-भात पोटाला निवांत करतो.

पंगतीचा प्रश्न

एक गोष्ट राहिली, आणि ती पाककृतीइतकीच महत्त्वाची आहे. तळणीचा पदार्थ गरमच खायचा, म्हणून सारे घर पंगतीला बसते आणि तळणारी कढईपाशी उभी राहते. तिच्या वाट्याला शेवटी येते ते गार, मऊ पडलेले आणि बहुधा पाठीचे हाड. कोणी कोणाबरोबर खावे, हा प्रश्न या गावाने पूर्वी गंभीरपणे घेतला आहे. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा सर्वांदेखत प्यायले, ते काही तहानेपोटी नव्हे. परंतु घरातल्या पंगतीत कोण उशिरा बसते, याचा विचार आपण अजून फारसा केलेला नाही.

दोनदा तळण्याचा खरा फायदा इथे आहे. पहिली तळणी आणि रस्सा जेवणाआधी तासभर उरकून घ्यावा. पाने मांडल्यावर दुसरी तळणी तीन घाण्यांत सात-आठ मिनिटांची. तेवढा वेळ बाकीच्यांनी भात वाढावा, कांदा-लिंबू चिरावे आणि हात धुऊन थांबावे. शेवटचा घाणा चाळणीवर आला की गॅस बंद करून सर्वांनी एकदम बसावे.

आमच्या वसतिगृहांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या विद्यार्थिमित्रांना तर हे सहज जमण्यासारखे आहे. येथे एकाने मुरवावे, दुसऱ्याने रस्सा ढवळावा, तिसऱ्याने तळावे. सुट्टीत गावी जाल तेव्हा ही विद्या सोबत न्या. एखाद्या रविवारी आईला सांगा, की आज कढई मी धरतो, तू पहिल्या घाण्याला बस. ती आधी हसेल, मग दारातून चार सूचना करील. त्या नीट ऐका, कारण वरच्या साऱ्या अंशांपेक्षा तिचा कान अधिक तयार आहे. पण मांडीचा तुकडा मात्र आधी तिच्या पानात वाढा.