घनफुटांचे पाणी, घनमीटरांचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला की खानदेशातील शेतकऱ्याची नजर पिकावरून धरणाकडे वळते. गिरणेत किती टीएमसी साठा झाला, हतनूरचे किती दरवाजे उघडले, अक्कलपाड्यातून पांझरेत किती क्युसेक पाणी सुटले, याच चौकशीत गावच्या पारावरील संध्याकाळ सरते. पाटबंधारे खात्याच्या दप्तरी मात्र तेच पाणी दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी, या परिमाणात नोंदलेले असते. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, तरी पाण्याच्या बोलीतून फूट हद्दपार झाला नाही; आणि या दुहेरी व्यवहारातच पुढील गैरसमज रुजले आहेत.

गैरसमज : मीटरमध्ये ३.२८ फूट असतात, म्हणून घनफुटांना ३.२८ ने भागले की घनमीटर मिळतात.

वस्तुस्थिती : फूट केवळ लांबी मोजतो, घनफुटात लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही सामावलेल्या असल्यामुळे ते प्रमाण तीनदा लावावे लागते, आणि भाजक ३५.३ येतो. घनमीटरभर पाणी म्हणजे १,००० लिटर, तर घनफूटभर पाणी म्हणजे अवघे २८.३ लिटर. शेततळ्याच्या हिशेबात ही चूक झाली, तर तळे प्रत्यक्षाच्या जवळजवळ अकरापट मोठे भासते, आणि त्या भरवशावर लावलेली केळी ऐन वैशाखात करपते.

गैरसमज : टीएमसी हे मेट्रिक परिमाण आहे.

वस्तुस्थिती : टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात एक अब्ज, घनफूट, मेट्रिक मापात २८.३ दलघमी. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १८.५ टीएमसी, म्हणजेच सुमारे ५२४ दलघमी आहे. एकूण साठा २१.५ टीएमसी सांगितला जातो, तेव्हा त्यात सुमारे ३ टीएमसी मृतसाठाही धरलेला असतो. म्हणून परिमाण बदलण्यापूर्वी आकडा कोणत्या साठ्याचा, हे पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हजार क्युसेक पाणी सोडले, म्हणजे एक टीएमसी पाणी गेले.

वस्तुस्थिती : क्युसेक हे साठ्याचे नव्हे, प्रवाहाचे माप आहे : दर सेकंदाला एक घनफूट. हजार क्युसेकचा विसर्ग अहोरात्र सुमारे साडेअकरा दिवस चालेल, तेव्हा एक टीएमसी पाणी वाहून जाईल. क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर, अर्थात ३५.३ क्युसेक. तापीकाठच्या माणसाने १,००० क्युमेकचा इशारा १,००० क्युसेक समजून वाचला, तर पस्तीसपट मोठ्या लोंढ्यासमोर तो गाफील राहील.

गैरसमज : गॅलन सर्वत्र सारखाच.

वस्तुस्थिती : ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ लिटरचा. पंपावर मिनिटाला १०० गॅलन असे कोरलेले असेल, तर ते ४५५ लिटर की ३७९, हे ठरल्याविना ठिबक संचाची आखणी करू नये.

पांझरेकाठच्या फड या जुन्या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटकरी पाळीपाळीने पाणी देई, आणि पाटातून वाहणारे ते पाणी फडातील प्रत्येकाला डोळ्यांनी दिसे. आज धरण दूर आहे आणि पाणी आपल्यापर्यंत प्रथम आकडा होऊन येते. त्या आकड्याचे परिमाण विचारून घेणे, हीच आता पाटावर उभे राहून आपले पाणी पाहण्याची रीत आहे.