गँडाल्फचा पुतळा घेताय? आधी चेहरा बघा

पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे (२००१ ते २००३) पुतळे जोखताना मी सगळ्यात आधी डोळे बघतो. वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपने चित्रपटांची चिलखतं नि शस्त्रं घडवली आणि तिथल्याच शिल्पकारांनी पुतळेही. जादूगार गँडाल्फच्या सुरकुत्या उगाच जिवंत वाटत नाहीत!

बरेचसे पुतळे पॉलिस्टोनचे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड. हाताला जड, गार, पण ठिसूळ. म्हणून जुना पुतळा घेताना तलवारीचं टोक, काठी, बोटं भिंगातून तपासा. चिकटवलेल्या जागी रंगाची चमक बदलते. तळाचा आवृत्ती क्रमांक बघा, मूळ खोकाही मागा. घरात जागा कमी असेल तर अर्धपुतळाच घ्या. तो बहुधा पूर्णाकृतीपेक्षा मोठ्या मापाचा असतो, त्यामुळे चेहरा जास्त खुलतो.