गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रसाराचा अंदाज कसा बांधतात?

गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत ओळखला गेल्यास तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. परंतु या अवस्थेतील सर्वच गाठी सारख्या नसतात. काही जागच्या जागी राहतात. काहींच्या पेशी मात्र ओटीपोटातील लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेल्या असतात. हा भेद नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शस्त्रक्रिया किती मोठी करावयाची हे मात्र त्यावरच ठरते.

हा अंदाज मुख्यतः तीन गोष्टींवरून बांधतात. रोगग्रस्त भागाचा काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पेशी किती खोल शिरल्या आहेत, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. दुसरी गोष्ट गाठीचा आकार. तिसरी, सूक्ष्म लसिकावाहिन्यांत वा रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत काय ही होय. खोली 3 मिलिमीटरपर्यंतच असून वाहिन्या मोकळ्या असतील, तर ग्रंथींत प्रसार होण्याचा संभव शेकडा एकाहूनही कमी असतो. खोली व आकार वाढतात तसतसा हा धोका वाढत जातो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ग्रंथींत रोग आढळल्यास, मूळ गाठ लहान असली तरी, तो तिसऱ्या अवस्थेत गणला जातो.

या मोजमापाचा लाभ रुग्णास प्रत्यक्ष मिळतो. गाठ 2 सेंटीमीटरपर्यंतची व कमी खोल असल्यास, आसपासच्या भागासह गर्भाशय काढण्याऐवजी साधी शस्त्रक्रियाही पुरेशी ठरते, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ग्रंथींची तपासणी मात्र दोन्ही पद्धतींत करण्यात आली होती.

म्हणूनच एक चूक कटाक्षाने टाळावयास हवी. अंगावरून जाण्याचा त्रास होऊ लागताच, तपासणी न करता ‘पिशवी काढून टाकण्याचा’ निर्णय काही कुटुंबे घेतात. कर्करोग असल्याचे मागाहून कळले, तर ग्रंथी तपासावयाच्या राहिलेल्या असतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करण्याची पाळी येऊ शकते.

संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे भगिनींनी लपवू नयेत. गर्भाशय काढण्यापूर्वी गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. आरोग्यसेविका व शिक्षिका यांनी ही माहिती घरोघरी पोचविल्यास अनेक भगिनींना वेळेवर योग्य उपचार मिळू शकतील.