बिबट्याला दूर नेऊन सोडलं की काय होतं?

सांता क्लारातून पश्चिमेकडे पाहिलं की सांताक्रूझची डोंगररांग दिसते. तिथे प्यूमा राहतात. इकडचे लोक त्यांना माउंटन लायन म्हणतात, पण सिंहापेक्षा ते आपल्या बिबट्याच्या आकाराला जवळचे. डोंगरालगतच्या घरात प्यूमाने शेळी मारली की शेजारीपाजारी विचारतात, "पकडून लांब जंगलात का नाही सोडत?" तुम्ही जुन्नर-शिरूरकडचे असाल तर हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. त्याचं आकड्यांतलं उत्तरही जुन्नरनेच दिलं, आणि ते फार महाग पडलं.

२००१ नंतर जुन्नरच्या बागायती खोऱ्यातले २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले! विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे २०११ मध्ये प्रसिद्ध केलं.

असं का व्हावं? बिबट्याला आपला मुलूख पक्का ठाऊक असतो: पाणवठा कुठे, कुत्री कुठे, माणसांची वर्दळ कधी थांबते. पिंजऱ्यातून अनोळखी जागी टाकलेल्या जनावराला यातलं काहीच माहीत नसतं. त्यात तिथे आधीचे बिबटे असतात, आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येऊन बसतो.

सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतही नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. हाच तो 'आजोबा'. २०११ च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

कॉलरच्या या अभ्यासात नॉर्वेचे जॉन लिनेल आणि मॉर्टेन ओडेन हे शास्त्रज्ञ सहभागी होते. लिनेल यांनी तिकडे लिंक्सवर काम केलेलं. अशा सहकार्यात युरोपने शिकवायचं आणि आपण शिकायचं, असा एक समज असतो. इथे शिकण्यासारखं अकोले तालुक्यात होतं. चौरस किलोमीटरमागे ३०० हून अधिक माणसं, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे, आणि तरी माणसांवर हल्ले विरळाच. कॉलर लावलेले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आत येऊन जात, आतल्यांना पत्ताही लागत नसे.

सांताक्रूझच्या डोंगरातही प्यूमांना कॉलर आहेत. क्रिस विल्मर्स यांच्या गटाने २०१७ मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. शिकार खाणाऱ्या प्यूमाला लपवलेल्या स्पीकरवरून कधी बेडकांचं डरांव डरांव, कधी माणसांचं बोलणं ऐकवलं. बेडकांकडे त्याने लक्ष दिलं नाही, माणसांचा आवाज ऐकताच बहुतेक वेळा तो पळाला. खाण्याचा वेळ निम्म्यावर आला.

म्हणजे दोन्हीकडचं जनावर आपल्याला टाळायलाच बघतं. पण म्हणून इथे बसून शिरूरच्या लोकांना सहजीवनाचे धडे देणं मला पटत नाही. इथे नुकसान बहुधा एका शेळीचं होतं आणि छप्पर असलेला गोठा बांधला की भागतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबुत परिसरात काही आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्धा गेली. लोक महामार्गावर उतरले ते उगाच नाही. माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली, तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती पिंजऱ्यात सापडेल तो बिबट्या उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी गावाजवळ सोडण्याला.

जुन्नरमध्ये याच्या नेमकं उलटं एक काम चालतं. ऊसतोडीत बछडे सापडले की वनखातं आणि माणिकडोह केंद्रातले पशुवैद्य त्यांना तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात, त्याच जागी खोक्यात ठेवतात. कॅमेरा लावून सगळे लांब थांबतात. अंधार पडल्यावर मादी येते, खोकं उलथवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.