चित्र, भिंत आणि परिचयपट्टी

आधुनिक कलेचा इतिहास बहुधा चित्रकारांच्या नावांनीच लिहिला जातो. तथापि चित्र समाजापुढे येते ते प्रदर्शनाच्या द्वारे; आणि प्रदर्शन म्हणजे केवळ भिंतीवर चित्रे टांगणे नव्हे. शब्दाचा अर्थ ज्याप्रमाणे वाक्यातील त्याच्या स्थानावरून निश्चित होतो, त्याचप्रमाणे कलाकृतीचा अर्थही ती कोणत्या कृतीशेजारी, कोणत्या दालनात व कोणत्या मजकुरासह मांडली आहे यावर पुष्कळसा अवलंबून असतो. निवड, मांडणी आणि परिचयपट्टी ही प्रदर्शनाची तीन प्रमुख अंगे होत. विसाव्या शतकात या अंगांना ज्यांनी नवे वळण दिले त्यांपैकी तीन स्त्रियांच्या कार्याचा येथे संक्षेपाने विचार करावयाचा आहे.

पहिले अंग निवडीचे. ग्रेस मॅकॅन मॉर्ली (१९००–१९८५) या १९३५ साली सॅन फ्रान्सिस्को म्यूझियम ऑफ आर्टच्या पहिल्या संचालिका झाल्या. अर्शिल गॉर्की (१९४१), क्लिफर्ड स्टिल (१९४३), जॅक्सन पोलॉक (१९४५) व मार्क रॉथ्को (१९४६) यांची स्वतंत्र प्रदर्शने त्यांनी भरविली, ती या चित्रकारांची कीर्ती स्थिर होण्यापूर्वी. मान्यता पावलेल्याचे जतन करणे एवढेच संग्रहालयाचे कार्य नसून अनिर्णित कलेला लोकांपुढे आणणे हेही आहे, हे तत्त्व त्यांच्या निवडीत दिसते. संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडे राही. त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्यासही तेथे जाणे शक्य झाले. पुढे १९६० ते १९६६ या काळात त्यांनी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालकपद भूषविले.

दुसरे अंग मांडणीचे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९३४ पासून काम करणाऱ्या डोरोथी मिलर (१९०४–२००३) यांनी १९४२ ते १९६३ या अवधीत समकालीन अमेरिकन कलावंतांची सहा प्रदर्शने योजिली. शेकडो कलावंतांची एकेक कृती दाखविण्याऐवजी मोजक्या कलावंतांच्या अनेक कृती दाखवाव्या व प्रत्येकास स्वतंत्र जागा द्यावी, ही त्यांची पद्धती. सूचिपत्रातही त्या स्वतःचे भाष्य लांबवीत नसत; कलावंतांचीच निवेदने छापीत. १९५९ च्या प्रदर्शनात त्यांनी अवघ्या तेवीस वर्षांच्या फ्रँक स्टेलाची चित्रे मांडली. त्याच्याविषयीचे निवेदन मात्र त्याचा मित्र, शिल्पकार कार्ल आंद्रे याने लिहिले होते.

तिसरे अंग परिचयपट्टीचे. रोम येथे जन्मलेल्या व १९४६ साली ब्राझीलमध्ये गेलेल्या वास्तुकार लीना बो बार्दी (१९१४–१९९२) यांनी साओ पाउलोच्या कलासंग्रहालयाची वास्तू उभारली. ती १९६८ साली खुली झाली. चित्रदालनात त्यांनी आडभिंतीच ठेवल्या नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यात काचेचा उभा तक्ता रोवून त्यावर चित्र लाविले, आणि कलावंताचे नाव, कृतीचे शीर्षक हा मजकूर चित्राच्या मागील बाजूस ठेविला. प्रेक्षकाने प्रथम चित्र पाहावे, मग मागे जाऊन नाव वाचावे. येथे परिचयपट्टी नाहीशी झालेली नाही; तिचा केवळ क्रम बदलला आहे. परंतु क्रम बदलताच अधिकारही बदलतो. थोर नाव आधी वाचणारा डोळा चित्रापुढे नम्र होऊनच उभा राहतो; आधी चित्र पाहणाऱ्यास स्वतःचा निर्णय करावा लागतो.

या कार्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. मिलर यांनी निवडलेले ‘द न्यू अमेरिकन पेंटिंग’ हे प्रदर्शन १९५८–५९ मध्ये युरोपातील आठ शहरांत फिरले. त्यातील सतरा चित्रकारांत ग्रेस हार्टिगन ही एकटीच स्त्री होती. निवड करणारी व्यक्ती स्त्री असली म्हणजे निवडीचे प्रचलित निकष आपोआप पालटतात, असे नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चित्र टिकते, मांडणी मोडते. बो बार्दी यांच्या काचेच्या चौकटी १९९६ साली काढून टाकण्यात येऊन तेथे नेहमीच्या भिंती आल्या. २०१५ साली त्या पुन्हा उभारण्यात आल्या. मधल्या काळात चित्रे तीच होती, परंतु त्यांच्याविषयी बोलण्याची रीत निराळी होती. म्हणून कलेच्या इतिहासात चित्रकारांच्या नामावळीबरोबरच प्रदर्शनांची टिपणे, दालनांचे आराखडे व छायाचित्रे यांनाही साधनांचे स्थान मिळावयास हवे. त्यांच्या अभावी या स्त्रियांचे कार्य इतरांच्या कीर्तीत विरून जाते.