न ताणताच उठलेले वण

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की विरार लोकलमधली गर्दी नुसती घामेजत नाही, चोरून खाजवूही लागते. वसई-विरारची दमट हवा, अंगाला चिकटलेली जीन्स आणि उभ्याने प्रवास. जांघेत गजकर्ण उठायला आणखी काय हवं? मग मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ येते. दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब मात्र थांबत नाही. काही महिन्यांनी जांघेत जांभळट, रुंद, खोलगट रेघा दिसतात आणि गडी चक्रावतो. असे वण तर बाळंतिणीच्या पोटावर असतात!

त्याचं चक्रावणं रास्त आहे. वजन वाढलं नाही, कातडी ताणली नाही, तरी स्ट्रेच मार्क्स. गफलत नावातच आहे.

जुन्या हाफपँटची कंबर आठवा. कापड अखंड असतं, आतले रबराचे धागे तुटलेले असतात. त्वचेचंही तसंच होतं. वरचा पापुद्रा शाबूत राहतो. खालच्या थरातले कोलॅजेनचे दोर आणि इलॅस्टिनचे लवचीक धागे तुटतात, विस्कटतात. ताजी रेघ लाल-जांभळी दिसते, पुढे ती पांढुरकी पडते.

हे धागे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी विणतात. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलं की त्यांचा माग मंदावतो. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 साली ज्या विकाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यात हेच कॉर्टिसॉल अतोनात वाढतं आणि पोटावर जांभळे पट्टे उठतात. खाजेच्या ट्यूबमधली क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही स्टिरॉइड औषधं याच कॉर्टिसॉलची भावंडं, आणि कितीतरी जोरकस. जांघेतली कातडी पातळ, त्यात घडी. तिथे औषध जास्तच मुरतं. धागे इतके दुबळे होतात की रोजची ऊठबसही त्यांना जड जाते. शिवाय स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून खाज थांबली तरी गजकर्णाची बुरशी आत मजेत पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे त्यांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण ‘भाऊ, ती कालचीच द्या’ एवढी चिठ्ठी अजूनही पुरते.

गरोदरपणात दोन्ही गोष्टी एकत्र येतात: कॉर्टिसॉल वाढतं आणि शेवटच्या महिन्यांत पोटही ताणतं. निम्म्याहून अधिक बायकांना हे वण उठतात, काहींना मुळीच नाही. 2013 च्या एका जनुकीय अभ्यासात याचा धागा थेट इलॅस्टिनच्या जनुकापाशी पोचला. आईला वण असतील तर लेकीलाही येण्याची शक्यता जास्त. ‘पोट खाजवू नकोस, वण उठतील’ ही आजीची ताकीद उलटी आहे. ताणलेली कातडी खाजते, नखांनी वण उठत नाहीत.

खोबरेल जरूर चोळा. कातडी मऊ राहते, खाज कमी होते. धागे मात्र त्याने जोडले जात नाहीत. परदेशात भाव खाणाऱ्या कोको बटरचीही चाचण्यांत डाळ शिजली नाही. ट्रेटिनॉइन मलमाचा किंवा लेझरचा थोडाफार उपयोग होतो, तोही रेघा लाल आहेत तोवर अधिक. त्यातलं ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य.

वयात येणारी मुलंही यातून सुटत नाहीत. पोरगा वर्षभरात चार बोटं उंच झाला की कधी कधी पाठीवर, कमरेच्या जरा वर, एकाखाली एक आडव्या रेघा उमटतात. थेट छडीचे वळ वाटावेत अशा. आई शाळेत जाब विचारायला निघते, आणि मास्तरांनी बिचाऱ्यांनी त्याला बोटही लावलेलं नसतं.